शाळेच्या इमारतींतील ॲस्बेस्टॉस : कायदा आणि देखरेख

ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज आहे. ते आगीत टिकते आणि स्वस्त पडते, म्हणून विसाव्या शतकात छत, पाइपांवरील आवरण, फरशी अशा अनेक ठिकाणी वापरले गेले. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा हे आजार होऊ शकतात. आजार बहुधा काही दशकांनी प्रकट होतो. शाळेत बसलेल्या मुलापुढे सारे आयुष्य असल्याने हा प्रश्न शाळांच्या बाबतीत अधिक गंभीर ठरतो.

अमेरिकेने १९८६ साली यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार सरकारी शाळांनी व ना-नफा खाजगी शाळांनी इमारतीची तपासणी करून व्यवस्थापन आराखडा तयार करावयाचा असतो. दर तीन वर्षांनी प्रशिक्षित निरीक्षकाकडून फेरतपासणी होते, दर सहा महिन्यांनी पाहणी होते, आणि पालक व शिक्षक यांच्या संघटनांना दरवर्षी लेखी कळविले जाते. सर्व ॲस्बेस्टॉस काढून टाका, असे हा कायदा म्हणत नाही. शाबूत साहित्यातून तंतू सहसा सुटत नाहीत. ते फोडताना, कापताना किंवा निष्काळजीपणे काढतानाच धोका वाढतो. म्हणून भर व्यवस्थापनावर आहे.

परंतु कायदा असणे आणि देखरेख होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या महानिरीक्षकांनी २०१८ साली दिलेल्या अहवालात असे दिसून आले की, संस्थेच्या दहापैकी पाच विभागांत तक्रार आल्यावरच शाळांची तपासणी होत असे. न दिसणाऱ्या तंतूंबद्दल तक्रार करणार कोण? ज्या धोक्याला रंग नाही, वास नाही, त्याची देखरेख तक्रारीवर सोडता येत नाही.

भारतात क्रायसोटाइल, म्हणजे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या वापरावर बंदी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला. आजार किती उशिरा येतो, याची ती कबुलीच होती. मात्र तो निकाल कामगारांसंबंधी होता. पत्र्याखाली शिकणाऱ्या मुलांसंबंधी नव्हता.

आपल्या अनेक जुन्या शाळा-महाविद्यालयांच्या वर्गांवर आजही सिमेंटचे पत्रे आहेत. त्यांपैकी कोणत्यात ॲस्बेस्टॉस आहे, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. प्रयोगशाळेत तपासावे लागते. तोवर पत्र्याला भोके पाडू नयेत, तडकलेला पत्रा वर्ग रिकामा करूनच हाताळावा, भुगा कोरडा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावा. पत्रे कधी बसविले, कोठे तडे गेले, याची एक वही कार्यालयात ठेवावी. निरीक्षक येईल तेव्हा येईल. वही आजच सुरू करता येते. मुले ही आपल्याकडे सोपविलेली अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब लिहून ठेवावा लागतो.