विचारायचा राहिलेला प्रश्न

नॉर्थ कॅरोलायनातल्या एका लहान काउंटीचं जिल्हा न्यायालय. नऊ वाजायला अजून दहा मिनिटं आहेत, पण वाहतुकीच्या खटल्यांच्या दालनातली लाकडी बाकं भरून गेलीत. उशिरा आलेले भिंतीला टेकून उभे आहेत. कुणाच्या अंगावर हॉटेलातला गणवेश, कुणाच्या बुटांना वाळलेलं सिमेंट. एका तरुण आईच्या मांडीवर पोर झोपलंय. कोट-टायवाले दिसतात ते बहुतेक वकीलच.

माझ्याशेजारी बसलेल्या बाई माझ्या आईला सांभाळायला आमच्या घरी येतात. आईला त्या ‘मिस आई’ म्हणतात. इकडे दक्षिणेत वडीलधाऱ्या बाईला अशी आदराने हाक मारायची रीत आहे. आज मीच त्यांना गाडीतून घेऊन आलेय, कारण परवाना रद्द असताना गाडी चालवली हाच त्यांच्यावरचा आरोप आहे. कामावर येतानाच पोलिसांनी अडवलं होतं.

त्यांच्या हातातला कागद घड्या घालून घालून मऊ पडलाय. मूळ प्रकरण नंबरप्लेटवरच्या मुदत संपलेल्या स्टिकरचं. दंड किरकोळ, पण न्यायालयाचा खर्च त्यावर चढतो आणि तोच दोनशे डॉलरच्या घरात जातो. 40 दिवसांत भरला नाही की आणखी 50 डॉलर. मग न्यायालयाचा कारकून मोटार वाहन विभागाला कळवतो आणि परवाना रद्द होतो, तोही बेमुदत. हप्ते बांधून मागितले तर त्याचेही 20 डॉलर वेगळे. त्या महिन्यात बाईंनी घरभाडं भरलं, दंड राहिला.

त्यांच्या गावाहून आमच्याकडे यायला बस नाही. अमेरिकेच्या या भागात गाडी म्हणजे चैन नव्हे. ती नसेल तर कामावर जाता येत नाही, आणि काम सुटलं तर दंड भरायचा कशातून?

न्यायाधीश येतात, सगळे उठून उभे राहतात. सरकारी वकील यादी वाचू लागते. एकेकाला दोन मिनिटंही मिळत नाहीत.

“आज भरताय?” न्यायाधीश एका पोरगेल्या कामगाराला विचारतात.

“शुक्रवारी पगार होतो, सर.”

पुढची तारीख पडते. म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी बुडणार. तो मान हलवून निघून जातो.

बाईंचं नाव येतं. त्या पर्स माझ्याकडे देतात, अंगावरचा कोट नीट करतात आणि पुढे जातात. न्यायाधीशांचा आवाज चढत नाही, ते त्यांना ‘मॅम’ म्हणतात. जुनी रक्कम भरा, परवाना परत मिळवा, मग हा आरोप मागे घेण्याचं बघता येईल, असं सांगतात. “किती दिवस लागतील?”

“साठ,” बाई म्हणतात. साठ दिवसांत पैसे कुठून येणार हे त्यांनाही ठाऊक नाही, ते मला त्यांच्या खांद्यांवरून कळतं.

किती दिवस, हे विचारलं गेलं. भरता येतील का, हे नाही. पैसे नाहीत म्हणून कुणाला तुरुंगात टाकण्याआधी ते त्याला खरंच भरता येत नाहीत का, याची चौकशी करायलाच हवी, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये ‘बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया’ खटल्यात बजावलं. परवाना म्हणजे तुरुंग नव्हे, म्हणून इथे ती चौकशी आपोआप होत नाही. ड्यूक विद्यापीठाच्या ब्रँडन गॅरेट आणि विल्यम क्रोझियर यांनी 2020 मध्ये आकडे मांडले, तेव्हा दंड न भरल्याने किंवा तारखेला हजर न राहिल्याने अडकलेले परवाने या एका राज्यात 12 लाखांहून जास्त होते. धोकादायक गाडी चालवणाऱ्याचा परवाना काढून घ्यावा, त्यात दुमत नाही. पण या बाईंनी रस्त्यावर कुणासाठी धोका निर्माण केला?

इथून उत्तरेला लागून असलेल्या व्हर्जिनियाने दंड थकल्यामुळे परवाना रोखण्याची पद्धत 2020 मध्ये कायमची मोडीत काढली. कॅलिफोर्नियाने ती 2017 मध्येच बंद केली होती. याच राज्यातल्या डरहॅममध्ये हजारो जुने दंड न्यायालयाने माफ केलेत. म्हणजे अशीच थकबाकी एका काउंटीत पुसली जाते आणि दुसरीत माणसाची नोकरी घालवते.

बाहेर खिडकीपाशी कारकून विचारते, “रोख की कार्ड?” दंड कमी किंवा माफ करून मागायचा काही अर्ज असतो का, असं मी विचारते. ती खण उघडते, छापील कागद काढून देते. सहज, जराही खळखळ न करता. बाई तो दोनदा वाचतात. “हा आधी कुणी का नाही दिला?” त्या मला विचारतात. मागितल्याशिवाय तो मिळत नाही, आणि तुरुंगवासाची शिक्षा नसलेल्या अशा खटल्यात सरकारी खर्चाने वकीलही बहुधा मिळत नाही. मग मागायचं कोण सांगणार?

कॅरी, मॉरिसव्हिल, शार्लटच्या मराठी घरांमधून अशा कितीतरी बाया आपल्या आईवडिलांना जेवू घालतात, आपली मुलं सांभाळतात. त्यांच्यातली कुणी एक दिवस आली नाही तर पगार कापू नका, परवान्याचं काय झालं ते विचारा. पैसे भरणं खरोखर झेपत नसेल तर न्यायाधीशांसमोर तसं सांगण्याचा आणि दंड माफ करून मागण्याचा हक्क कायद्याने त्यांना दिलाय. तारखेला त्यांच्यासोबत जा आणि तो अर्ज मागून घ्या.