निघण्याआधी गार व्हायचं

सकाळी ६:००
जूनमधला शुक्रवार. आज संध्याकाळी सायकलवर शंभर किलोमीटरचा सराव, पुढच्या बीआरएमसाठी, म्हणजे २०० किलोमीटरच्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरीसाठी. दिल्लीतली सफदरजंगची वेधशाळा आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या शेजारीच. २९ मे २०२४ला तिथे ४६.८ अंशांची नोंद झाली होती. आजचा अंदाज ४३. लघवी गडद नाही ना, ते पाहतो. शरीरात पाणीच कमी असेल तर संध्याकाळी खायचा बर्फ पुरा पडत नाही. न्हाणीघरात दोन बादल्या आत्ताच भरून ठेवतो. संध्याकाळी गच्चीवरच्या टाकीतून कढत पाणी येतं.

सकाळी ९:००
एरवी ऑफिसला सायकलनं जातो. आज आयएनएहून मेट्रो. दिवसभर अंग तापू द्यायचं नाही.

दुपारी १:००
दहीभात, मीठ जरा जास्त, वर ताक. पाणी थोडं थोडं, दिवसभर.

संध्याकाळी ५:३०
सकाळच्या पाण्यानं आंघोळ. मग मुख्य काम. काल गोठवलेलं कोकम सरबत मिक्सरमधून काढतो. बर्फ घरच्या गाळलेल्या पाण्याचाच. प्रमाण किलोमागे साडेसात ग्रॅम. माझं वजन ७० किलो, म्हणजे साधारण अर्धा किलो चुरा. अर्धा तास चमच्यानं सावकाश खायचा. घाई केली की कपाळ ठणकतं. नुसतं वितळायलाच एक ग्रॅम बर्फ ८० कॅलरी उष्णता घेतो. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या शून्य अंशाच्या पाण्यापेक्षा तो शरीरातली जवळजवळ तिप्पट उष्णता शोषतो. मानेवर बर्फाच्या पाण्यात पिळलेला पंचा. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या नौकानयनपटूंनी याच हेतूनं बर्फाची जाकिटं घातली होती.

संध्याकाळी ६:१५
वॉर्म-अप पाचच मिनिटं. मिळवलेला गारवा त्यातच खर्चायचा नाही. पेडल मारताना शरीराच्या ऊर्जेचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग उष्णता होतो. आधी गार झालेल्या शरीरात ती साठायला जागा असते, एवढाच याचा फायदा. तो पहिल्या टप्प्यापुरता. पुढची भिस्त घामावर आणि पाण्यावर.

संध्याकाळी ७:००
पाय हलके वाटतात, म्हणून वेग वाढवावासा वाटतो. वाढवायचा नाही. त्वचा गार असली की आतला ताप उशिरा कळतो. म्हणून हृदयाचे ठोके बघत चालवायचं. उकाड्यात अंगावर काटा आला, चक्कर आली, बोलणं अडखळलं, तर तिथेच थांबायचं, सावली शोधायची, अंगावर पाणी ओतायचं आणि बरोबर सायकल चालवणाऱ्या सोबत्याला हाक मारायची. सराव उद्याही करता येतो.