साडेतीन हजारांची लक्ष्मणरेषा

दिल्लीतील घरमालकांना दिलासा देणारा भाडे कायदा संसदेने १९९५ मध्ये संमत केला, राष्ट्रपतींची मोहोरही त्यावर उमटली. पण अंमलबजावणीची अधिसूचना काही निघाली नाही. जुन्या बाजारपेठांतील व्यापारी भाडेकरूंच्या रोषापुढे एकामागून एक सरकारांनी हात आखडता घेतला. अधिसूचना काढण्याचा आदेश केंद्राला देण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये नकार दिला आणि २०१३ मध्ये तर हा कधीच लागू न झालेला कायदा रद्द करण्याचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. भाड्याच्या उत्पन्नाकडे डोळा ठेवून राजधानीत घर घेणाऱ्याने हा इतिहास आधी ध्यानात घ्यावयास हवा.

कारण आजही गाठ पडते ती १९५८ च्या दिल्ली भाडे नियंत्रण कायद्याशी. १९८८ च्या दुरुस्तीने मासिक साडेतीन हजार रुपयांहून अधिक भाड्याच्या जागा त्यातून वगळल्या. या रेषेच्या वर सारे काही करारावर आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यावर चालते. रेषेच्या खाली भाडेकरूला हलविणे दुष्कर, आणि भाडेवाढ तीन वर्षांतून एकदा, तीही दहा टक्के. करोल बाग वा चांदनी चौक परिसरात जुन्या भाडेकरूसह स्वस्तात मिळणारी जागा नवख्याला मोहात पाडते. स्वस्ताईचे कारण याच कायद्यात दडलेले असते. अशी जागा विकत घेणाऱ्याला स्वतःच्या गरजेपोटी ती रिकामी करून मागावयाची असेल, तर खरेदीपासून पाच वर्षे अर्जच करता येत नाही. कज्जा सुरू होतो तो त्यानंतर.

दुसरा सापळा मुखत्यारपत्राचा. केवळ मुखत्यारपत्र, साठेखत व मृत्युपत्र यांच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. १,७३१ अनधिकृत वसाहतींतील रहिवाशांना मालकी हक्क देण्याचा मार्ग २०१९ च्या कायद्याने खुला झाला हे खरे. तथापि विक्रेत्याने आधी स्वतःच्या नावे दस्त नोंदवून घ्यावा आणि मगच इसार स्वीकारावा, असा आग्रह खरेदीदाराने धरणे शहाणपणाचे.

भाडेकरार अकरा महिन्यांचा करण्याची रूढी नोंदणी कायद्यातून आली. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. मुदत संपल्यावर नवा करार न करता भाडे घेत राहिल्यास भाडेकरू सामान्यतः महिनेवारी ठरतो आणि त्याला पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची अनामत आणि मुदतीनंतर घर न सोडल्यास आधी दुप्पट, दोन महिन्यांनंतर चौपट भाडे अशी तरतूद आहे. राज्यांवर तो बंधनकारक नाही. पण अशा अटी करारात घालण्यापासून मालकाला कोण अडवते? पोलिसांकडील भाडेकरू पडताळणीही टाळू नये. तसा आदेश मोडणे हा गुन्हा ठरतो.

दिल्लीची सवय पुण्या-मुंबईच्या सदनिकेला लावणे मात्र महागात पडते. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यानुसार प्रत्येक भाडेकरार, अकरा महिन्यांचाही, लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. दिल्लीत नोकरी आणि कोथरूडला घर असलेल्या अनेकांची गफलत नेमकी येथे होते.

केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे आचरण नियम वेगळेच. स्थावर खरेदी-विक्रीची पूर्वसूचना विहित अधिकाऱ्यास द्यावी लागते, व्यवहार पत्नीच्या वा मुलांच्या नावे असला तरीही. वार्षिक मालमत्ता विवरणात भाड्याच्या उत्पन्नाचा स्वतंत्र रकाना असतो. तो कोरा ठेवून प्राप्तिकर विवरणात मात्र तेच भाडे दाखविले, तर दक्षता विभागाला वेगळा पुरावा शोधावा लागत नाही.