गाडी घेण्याआधी माल मोजा



पापड, कुरडया, तांदळाचं पीठ, मसाले करणाऱ्या गटांच्या बैठकीत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता आपली स्वतःची गाडी पाहिजे." माल खारघर, कामोठ्याच्या सोसायट्यांत न्यायचा असतो, कधी वाशीला, तर कधी मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला. कोकणच्या पावसात उघड्या टेम्पोवर ताडपत्री कितीही आवळली तरी पापड सादळतातच. म्हणून बंद बॉडीची मालवाहू व्हॅन घ्यावी असं वाटणं चुकीचं नाही. पण घ्यायची कोणती, आणि मुळात घ्यायची का, ते आज पाहू.

पहिलं काम, शोरूमला जायच्या आधी महिनाभर वही ठेवा. कोणत्या दिवशी किती क्रेट, किती गोणी आणि किती वजन गेलं ते लिहा. मारुती ईको कार्गोसारखी छोटी व्हॅन साधारण अर्धा टन माल नेते. टाटा विंगर कार्गो किंवा फोर्स ट्रॅव्हलरची डिलिव्हरी व्हॅन ही मध्यम गाडी, ती टनाच्या पुढे नेते. आता पाहा, पापड जागा खातात पण वजन करत नाहीत. पिठाच्या गोणी थोड्या जागेत भरपूर वजन करतात. पापडवाल्या गटाने आतली लांबी-उंची टेपने मोजावी, पीठवाल्या गटाने पासिंग किती टनाचं आहे ते आधी विचारावं.

दुसरं, कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालासकट एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. विंगर कार्गोसारखी मध्यम व्हॅन त्या वर जाते, म्हणजे परमिट आलं. फिटनेस दोन्हींना लागतं. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. लायसन्सची मात्र भीती नको. एकूण वजन साडेसात टनांपर्यंत असेल तर हलक्या वाहनाच्या साध्या लायसन्सवर अशी गाडी चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. म्हणजे आपल्यातलीच एखादी शिकली तर तीही चालवू शकते.

तिसरं, खर्च. समजा महिन्याचा हप्ता १६ हजार, ड्रायव्हरचा पगार १५ हजार, विमा आणि दुरुस्तीसाठी बाजूला ४ हजार. झाले ३५ हजार, गाडी दारात उभी राहिली तरी. भाड्याचा टेम्पो एका फेरीला अडीच हजार घेत असेल आणि स्वतःच्या गाडीला इंधन पाचशेचं लागत असेल, तर फेरीमागे वाचले दोन हजार. ३५ हजार भरून निघायला महिन्याला १८ फेऱ्या व्हायला हव्यात. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. फेऱ्या आठ-दहाच होत असतील तर सध्या भाड्याचा टेम्पोच बरा, किंवा दोन-तीन गटांनी मिळून गाडी घ्या.

इंधन निवडताना रस्ता पाहा. रोज जवळच्या जवळ फिरायचं असेल तर सीएनजी परवडतो, पण टाकी जागा घेते का ते बघा आणि टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्या. वजन भरून बोरघाट चढायचा असेल तर डिझेलचा जोर उपयोगी पडतो.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मालाबरोबर किती बायका जाणार? बंद व्हॅनमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी जेवढ्या सीट, तेवढ्याच बायका. बाकीच्या मागे गोण्यांवर बसतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मागे खिडकी नाही, धरायला काही नाही. ब्रेक लागला तर क्रेट अंगावर येतात. मालवाहू गाडीत असं बसणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळणं अवघड. नेहमी चार जणी जाणार असतील तर दोघींनी एसटीने किंवा लोकलने जावं, त्याचं भाडं गटाच्या खर्चात धरावं.

शेवटचं, आरसी बुकवर नाव कोणाचं? एका गटाने हप्ते सगळ्यांनी भरले आणि गाडी एकीच्या नवऱ्याच्या नावावर घेतली. पुढे तिने गट सोडला, गाडीही गेली. तेव्हा गटाची किंवा ग्रामसंघाची नोंदणी आहे का, तिच्या नावावर कर्ज आणि गाडी होईल का, हे बँकेत आणि आरटीओत आधी विचारा. एकीच्या नावावर घ्यावीच लागली तर ठराव करा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि वकिलाकडून करारनामा करून घ्या.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला गाडीचं रंगीत पत्रक आणण्याआधी महिन्याची वही आणा. गाडी कोणती घ्यायची ते ती वहीच सांगेल.