गॅल्व्हेस्टनची नगरसनद (१९०१)

गॅल्व्हेस्टनची नगरसनद हा अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या विधिमंडळाने १९०१ साली संमत केलेला कायदा होय. या कायद्याने गॅल्व्हेस्टन या बंदराच्या शहरातील नगरपरिषद बरखास्त होऊन तिच्या जागी पाच सदस्यांचा आयोग आला. ही रचना पुढे ‘आयोग शासनपद्धती’ या नावाने ओळखली जाऊ लागली व अमेरिकेतील शेकडो शहरांनी तिचे अनुकरण केले. संकटकाळी कार्यक्षमता आणि लोकप्रतिनिधित्व यांपैकी कशाला प्राधान्य द्यावे, हा प्रश्न या सनदेने उभा केला.

सनद आणि राज्याचा अधिकार

शहराचे अधिकार, करआकारणी, पदे आणि निवडणुकीची रीत ज्या मूलभूत कायद्यात नमूद असते, त्यास अमेरिकेत सनद म्हणतात. टेक्सासच्या १८७६ च्या संविधानानुसार १०,००० हून अधिक लोकसंख्येच्या शहरांना विधिमंडळ विशेष कायद्याने सनद देऊ अथवा बदलू शकत असे. शहर ही राज्याची निर्मिती असून राज्याने दिले तेवढेच अधिकार तिला असतात, हे तत्त्व आयोवा राज्याचे न्यायाधीश जॉन फॉरेस्ट डिलन यांनी १८६८ मध्ये मांडले होते. ते ‘डिलनचा नियम’ म्हणून प्रसिद्ध आहे.

पार्श्वभूमी

८ सप्टेंबर १९०० रोजी मेक्सिकोच्या आखातातील चक्रीवादळाने गॅल्व्हेस्टन बेट उद्ध्वस्त केले. सुमारे ३८,००० वस्तीच्या या शहरात किमान ६,००० माणसे मृत्युमुखी पडली. बहुतेक अंदाज ८,००० च्या आसपास आहेत. नगरपालिका आधीपासूनच कर्जबाजारी होती. बंदर खोल करण्यासाठी व्यापाऱ्यांनी पूर्वीच स्थापन केलेल्या ‘डीप वॉटर कमिटी’ने पुनर्बांधणीसाठी नव्या शासनाची योजना आखून ती विधिमंडळापुढे ठेवली.

सनदेतील तरतुदी

नव्या रचनेत एक महापौर-अध्यक्ष आणि चार आयुक्त होते. हे आयुक्त म्हणजे राज्य सेवेतील अधिकारी नव्हेत, तर शासनमंडळाचे सदस्य होत. प्रत्येकाकडे एकेक खाते होते : वित्त व महसूल, पोलीस व अग्निशमन, रस्ते व सार्वजनिक मालमत्ता, पाणीपुरवठा व सांडपाणी. नियम करणे आणि ते अमलात आणणे ही दोन्ही कामे याच पाच जणांकडे होती.

सर्व आयुक्त राज्यपालांनी नेमावेत, अशी मूळ योजना होती. तीस विरोध झाल्याने तडजोड करण्यात आली. महापौर धरून तीन जण राज्यपालांनी नेमावेत आणि दोन जण मतदारांनी निवडावेत, असे ठरले.

न्यायालयीन आक्षेप

बहुसंख्य शासनकर्ते नेमलेले असणे हे स्थानिक स्वराज्याच्या विरुद्ध आहे, असा निर्णय टेक्सासच्या फौजदारी अपील न्यायालयाने १९०३ मध्ये दिला. त्याच वर्षी विधिमंडळाने सनद दुरुस्त करून पाचही पदे निवडणुकीने भरण्याची तरतूद केली.

कार्य आणि प्रसार

गॅल्व्हेस्टन काउंटीने १९०२ ते १९०४ या काळात १७ फूट उंचीची समुद्रभिंत बांधली. शहरात वाळू भरून जमिनीची पातळी उंचावण्याचे प्रचंड काम आयोगाच्या कारकिर्दीत झाले; त्यासाठी सुमारे २,००० इमारती वर उचलण्यात आल्या. या यशाने पद्धतीचा लौकिक वाढला. ह्यूस्टनने १९०५ मध्ये ती स्वीकारली. आयोवातील डे मॉइन शहराने १९०७ मध्ये तिला जनमतपृच्छा आणि प्रतिनिधी परत बोलावण्याच्या अधिकाराची जोड दिली.

मर्यादा

आयुक्तांची निवड प्रभागवार न होता संपूर्ण शहरातून होत असे. त्यामुळे एखाद्या वस्तीत बहुसंख्य, पण शहरात अल्पसंख्य असलेल्या समाजाला आपला प्रतिनिधी निवडून आणणे अवघड झाले. गॅल्व्हेस्टनमध्ये प्रभागपद्धतीच्या काळात नॉरिस राइट क्यूनी हे कृष्णवर्णीय नेते नगरपरिषदेवर होते. तेथे प्रभागवार निवडणूक १८९५ मध्येच बंद झाली होती. सनदेने ती स्थिती कायम ठेवली. अलाबामातील मोबील शहरात १९११ पासून असलेल्या आयोगाविषयीचा असाच वाद १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८५ मध्ये तेथे महापौर व प्रभागवार निवडलेली परिषद आली.

दुसरा दोष कारभारातील होता. प्रत्येक आयुक्त आपापल्या खात्याचा पुरस्कर्ता बनत असल्याने संपूर्ण शहराच्या खर्चावर तटस्थपणे देखरेख करणारे कोणी उरत नसे.

नंतरचा काळ

टेक्सासमध्ये १९१२ च्या संविधानदुरुस्तीने ५,००० हून अधिक लोकसंख्येच्या शहरांना मतदारांच्या संमतीने स्वतःची सनद करण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार मिळाला. त्यामुळे शहराची रचना ठरविण्याचा निर्णय विधिमंडळाकडून बऱ्याच अंशी नागरिकांकडे आला. गॅल्व्हेस्टनने १९६० मध्ये आयोगपद्धती सोडून परिषद आणि व्यवस्थापक यांची पद्धत स्वीकारली. ऑरेगनमधील पोर्टलंड या मोठ्या शहरात आयोगपद्धती एकविसाव्या शतकापर्यंत टिकली. ती बदलण्याचा कौल तेथील मतदारांनी २०२२ मध्ये दिला.