सार्वजनिक ग्रंथालय : कारभार आणि लोकसेवा

शाळेचा प्रवेश वयाशी आणि इयत्तेशी बांधलेला असतो. सार्वजनिक ग्रंथालयाला असे बंधन नाही. तेथे सभासद होणाऱ्यास जुने गुणपत्रक मागितले जात नाही, की शिक्षण कोठे सुटले हे विचारले जात नाही. आठ वर्षांचे मूल, नोकरीच्या शोधातील तरुण, घरकाम आटोपून आलेली गृहिणी आणि निवृत्त कारकून एकाच छपराखाली बसून वाचू शकतात. शिक्षण मध्येच थांबलेल्या माणसाला पुढे शिकण्याचा जो सर्वांत स्वस्त व सोपा मार्ग समाजाने निर्माण केला आहे, तो म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय. मात्र हा मार्ग खुला राहणे ग्रंथालयाचा कारभार कसा चालतो यावर अवलंबून असते.

या गोष्टीचे महत्त्व आपल्या देशात फार लवकर ओळखले ते बडोदे संस्थानाने. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९०६ साली संस्थानभर मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. मुले वाचावयास शिकली. परंतु शाळा सोडल्यावर हाती पुस्तकच आले नाही, तर शिकलेली अक्षरेही पुसली जातील, हे महाराजांच्या ध्यानी आले. म्हणून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले व महाराजांनी आपल्या खाजगी संग्रहातील ग्रंथ त्यास दिले. स्त्रिया व मुले यांच्यासाठी स्वतंत्र सोय करण्यात आली. दूरच्या गावांना लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठविली जात. एक पेटी वाचून झाली की ती परत जाई व दुसरी येई. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी चित्रे व चलच्चित्रपट दाखविण्याची व्यवस्था होती. गावाने वर्गणी जमविली की संस्थानाकडूनही साहाय्य मिळे. त्यामुळे ग्रंथालय हे सरकारने दिलेले दान न राहता गावाचे स्वतःचे झाले.

ग्रंथालय चालविण्यामागील विचाराला शास्त्राचे रूप दिले डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल असताना १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांचा आशय थोडक्यात असा : पुस्तक वापरण्यासाठी असते, जपून ठेवण्यापुरते नाही, प्रत्येक वाचकाला त्याला हवे ते पुस्तक मिळाले पाहिजे, प्रत्येक पुस्तकापर्यंत त्याचा वाचक पोहोचला पाहिजे, वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये, आणि ग्रंथालय ही सतत वाढणारी संस्था आहे. ही सूत्रे वाचताना साधी वाटतात; परंतु ग्रंथालयातील प्रत्येक लहानमोठे काम त्यांच्या कसोटीवर पारखता येते.

नवीन पुस्तकाचा प्रवास त्याच्या निवडीपासून सुरू होतो. ग्रंथनिवड समिती केवळ आपल्या आवडीची पुस्तके घेऊ लागली, तर वाचक हळूहळू दुरावतो. यासाठी अनेक ग्रंथालयांत मागणी वही ठेवलेली असते व तीत वाचक आपल्याला हव्या असलेल्या पुस्तकाचे नाव लिहितात. खरेदी झालेल्या पुस्तकाची दाखल नोंदवहीत नोंद होते. अनुक्रमांक, दिनांक, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, किंमत आणि पुस्तक कोठून आले, हे सारे तीत लिहिले जाते. सार्वजनिक पैशातून घेतलेल्या प्रत्येक वस्तूचा हिशेब राहावा, हा त्यामागील हेतू होय.

त्यानंतर वर्गीकरण केले जाते. दशांश वर्गीकरण पद्धतीत प्रत्येक विषयास एक अंक असतो. शेतीविषयक पुस्तकांना ६३०, तर मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक मिळतो. पुस्तकाच्या पाठीवर तो अंक चिकटविला की एका विषयाची पुस्तके शेजारी शेजारी येतात. द्राक्षबागेवरील एक पुस्तक शोधण्यास आलेल्या शेतकऱ्याला त्याच फळीवर मातीपरीक्षणाचे पुस्तकही दिसते. वाचकाला स्वतः कपाटापर्यंत जाऊ देण्याच्या रीतीस मुक्तद्वार पद्धती म्हणतात. ज्या ग्रंथालयात कपाटे कुलूपबंद असतात, तेथे वाचकाला पुस्तकाचे नाव आधीच ठाऊक असावे लागते. आणि नव्याने वाचू लागलेल्या माणसाला नेमके तेच ठाऊक नसते. मुक्तद्वार पद्धतीत काही पुस्तके हरवतात, काहींची जागा बदलते, हे खरे. तथापि न वाचल्या गेलेल्या पुस्तकांचे नुकसान त्याहून मोठे असते.

देवघेव, परतीच्या तारखेची नोंद, विलंबशुल्क, फाटलेल्या पुस्तकांची बांधणी, वाळवी व कसर यांपासून संरक्षण आणि वर्षाअखेरीस ग्रंथांची मोजदाद, ही कामे बाहेरून दिसत नाहीत. पण त्यांवाचून ग्रंथालय चालत नाही. कालबाह्य वा जीर्ण झालेली पुस्तके नियमानुसार निर्लेखित करणे हेही आवश्यक असते. अलीकडे अनेक ठिकाणी तालिका व देवघेव संगणकावर होते. त्यामुळे शोध सोपा झाला आहे, परंतु पुस्तक कोणासाठी उपयुक्त आहे हे सांगणारा जाणता ग्रंथपाल अजूनही लागतोच.

कारभारासाठी पैसा लागतो आणि त्याची हमी कायद्याने मिळते. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयविषयक कायदा केला. स्वातंत्र्यानंतर मद्रास राज्याने १९४८ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय कायदा संमत केला व घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर वसूल करण्याची तरतूद केली. महाराष्ट्राने १९६७ साली निराळी वाट स्वीकारली. तेथे लोकांनी स्थापन केलेल्या संस्थाच ग्रंथालये चालवितात आणि शासन त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान देते. या रीतीने राज्यात दहा हजारांहून अधिक ग्रंथालयांना मान्यता मिळाली. लोकांचा पुढाकार हे या व्यवस्थेचे बळ होय. अपुरे अनुदान व सेवकांचे तुटपुंजे मानधन ही तिची दुखरी बाजू. महाराष्ट्राबाहेर, उदाहरणार्थ हैदराबादेत, मराठी भाषकांनी स्वतःच्या हिमतीवर ग्रंथसंग्रहालये जोपासली आहेत.

ग्रंथ देणेघेणे एवढ्यावरच सार्वजनिक ग्रंथालयाचे काम संपत नाही. युनेस्कोच्या साहाय्याने १९५१ साली सुरू झालेल्या दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाने नवसाक्षर प्रौढांना आपल्या कामात प्रारंभापासूनच स्थान दिले. नवसाक्षरांना मोठ्या टायपातील, छोट्या वाक्यांची, परंतु प्रौढांच्या जीवनाशी निगडित पुस्तके लागतात. बालगोष्टींचे पुस्तक हाती दिल्यास मोठ्या माणसाला संकोच वाटतो आणि तो पुन्हा येत नाही. दृष्टिहीनांसाठी ब्रेल व श्राव्य पुस्तके, मुलांसाठी बालविभाग, परीक्षार्थींसाठी अभ्यासिका, सर्वांसाठी वृत्तपत्र कक्ष, आजारी व वृद्ध वाचकांना घरपोच पुस्तके, व्याख्यानमाला व ग्रंथप्रदर्शने, अशा अनेक सेवा ग्रंथालये देऊ शकतात. शासकीय योजनांची माहिती देणे व संगणकावर अर्ज भरण्यास मदत करणे, हीही आजची गरज आहे. ज्या घरात दोन माणसांनाही शांतपणे बसता येत नाही, तेथील विद्यार्थ्यासाठी अभ्यासिकेतील एक खुर्ची व दिव्याचा उजेड हीच मोठी सेवा ठरते.

सेवांची यादी कितीही मोठी असली, तरी एक साधी बाब विसरून चालत नाही, ती म्हणजे ग्रंथालयाची वेळ. सकाळी अकरा ते सायंकाळी पाच एवढाच वेळ उघडे असणारे ग्रंथालय मजूर, दुकानातील कामगार किंवा कारखान्यातील माणूस यांच्यासाठी बंदच असते. म्हणूनच सकाळ-सायंकाळ अशा दोन वेळा ग्रंथालय उघडण्याची प्रथा शहाणपणाची आहे. फलकावरील वेळ पाहिली की ते ग्रंथालय कोणासाठी चालविले जाते हे कळते. स्त्रियांना निर्धोकपणे येता यावे, एवढा उजेड व स्वच्छता असणे हेही तितकेच महत्त्वाचे.

शेवटी ग्रंथालय टिकते ते वाचकाच्या सहभागावर. सभासद होणे अवघड नाही. अर्ज, राहण्याच्या ठिकाणाचा पुरावा, थोडी अनामत व वर्गणी एवढे बहुतेक ठिकाणी पुरते; वृत्तपत्र कक्षात तर सभासदत्वाशिवायही बसता येते. पुस्तक वेळेवर परत करणे, पानांवर खुणा न करणे आणि हवे असलेले पुस्तक मागणी वहीत लिहिणे, ही वाचकाची कर्तव्ये होत. यांतील शेवटचे कर्तव्य सर्वाधिक उपेक्षित आहे. मागणी नोंदविणारा वाचक केवळ स्वतःसाठी पुस्तक मागत नाही. आपल्यासारख्या इतरांचीही गरज तो संस्थेला दाखवून देतो. खेड्यातील एखाद्या ग्रंथालयात वीजजोडणीचे, शिवणकामाचे किंवा मुक्त विद्यालयाच्या अभ्यासक्रमाचे पुस्तक नसेल, तर पुष्कळदा त्याचे कारण इतकेच असते, की ते आजवर कोणी मागितलेले नसते.