घाटावरचा रेडिओ, घाटाखालचा रेडिओ

बुलढाणा जिल्ह्यात गाव सांगताना ते घाटावरचे की घाटाखालचे, हेही सांगावे लागते. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली. मधली भिंत अजिंठ्याच्या डोंगररांगेची. बुलढाणा शहर आणि मलकापूर यांच्या उंचीत साडेतीनशे मीटरांहून जास्त फरक आहे. पीक, पाणी, सोयरीक या सगळ्यांत हा फरक मुरलेला आहे. रेडिओच्या लहरींनीही तो पाळला, याची नोंद मात्र फारशी कुणी घेतली नाही.

मीडियम वेव्हच्या भरभराटीच्या काळात बुलढाण्याच्या माणसाला दोन केंद्रे हाताशी होती. एक नागपूर, 16 जुलै 1948 रोजी सुरू झालेले. त्याचे 585 किलोहर्ट्झवरचे प्रक्षेपण 300 किलोवॉटचे. दुसरे जळगाव, 963 किलोहर्ट्झवर, 20 किलोवॉटचे. आकडे पाहिले की नागपूर पैलवान आणि जळगाव पोरगे वाटते. पण नकाशावर पट्टी ठेवा. बुलढाण्यापासून सरळ रेषेत नागपूर सुमारे 310 किलोमीटर, जळगाव जेमतेम 85. शक्ती अंतराच्या वर्गाने पातळ होते. प्रक्षेपकाची सगळी शक्ती अर्ध्या गोलावर सारखी पसरली असे धरून भागाकार केला, तर बुलढाण्याच्या एका चौरस मीटरवर नागपूरचा वाटा येतो साधारण अर्धा मायक्रोवॉट, आणि जळगावचाही जवळपास तेवढाच. पंधरापट शक्ती अंतराने खाऊन टाकली. योगायोगच म्हणायचा, पण रेडिओचे शास्त्र समजून घ्यायला इतका सोयीचा योगायोग दुसऱ्या जिल्ह्यात सहज मिळणार नाही.

कारण शक्ती सारखी असली तरी तिची घडण सारखी नाही. 1900 साली माक्स प्लांकने मांडले की ऊर्जा पुंजांच्या हिशेबात दिली-घेतली जाते. 1905 साली आइन्स्टाइनने पुढे जाऊन प्रकाशच पुंजांचा बनलेला आहे असे धरले. या पुंजाला पुढे फोटॉन नाव पडले. एका फोटॉनची ऊर्जा फक्त कंप्रतेवर ठरते; प्रक्षेपक 20 किलोवॉटचा असो की 300 चा, तिच्यात तसूभर फरक पडत नाही. नागपूरच्या 585 किलोहर्ट्झचा एक फोटॉन साधारण 2.4 अब्जांश इलेक्ट्रॉन व्होल्टचा. जळगावचा सुमारे 4 अब्जांश, म्हणजे नागपूरच्या 1.65 पट. तेव्हा तेवढीच शक्ती पोचवायला नागपूरला जळगावपेक्षा 1.65 पट फोटॉन पाठवावे लागतात. वॉट वाढवले की फोटॉनांची संख्या वाढते, एकेका फोटॉनचे वजन नाही. पुढचे सगळे या एका भेदावर उभे आहे.

संख्या तरी किती? 300 किलोवॉटचा नागपूर प्रक्षेपक दर सेकंदाला 77 वर 31 शून्ये इतके फोटॉन सोडत असे. हिरव्या प्रकाशाचा एक फोटॉन नागपूरच्या एका फोटॉनाच्या 92 कोटी पट दमदार असतो. म्हणून अंधाराला सरावलेला डोळा मोजक्या फोटॉनांनीही जागा होतो. रेडिओत असे कधीच होत नाही. बुलढाण्याच्या हवेत उन्हाळा असो की हिवाळा, रेणूंच्या उष्णतेची सरासरी धक्काबुक्की मीडियम वेव्हच्या एका फोटॉनाच्या कोटीपट असते. एकटादुकटा फोटॉन त्या गर्दीत कुठल्या कुठे हरवतो. रेडिओला ऐकू येते ती अब्जावधी फोटॉनांनी एका ठेक्यात दिलेली ओढ. म्हणूनच रेडिओ इंजिनिअर आयुष्यभर लहर, वॉट आणि व्होल्टमध्ये बोलतो, फोटॉनाचे नाव काढत नाही, आणि त्याचे काही अडत नाही.

ही ओढ नेमकी कुठे लागते ते जुना ट्रान्झिस्टर उघडला की दिसते. आत फेराइटची काळी कांडी, तिच्यावर गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. लहरीचे चुंबकीय क्षेत्र कांडीतून सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट होते आणि तारेतले इलेक्ट्रॉन त्याच्या तालावर मागेपुढे सरकतात. कांडीचे टोक केंद्राकडे रोखले की आवाज जवळजवळ बसतो. कांडी आडवी धरली की उघडतो. बुलढाण्याहून नागपूर पूर्वेला, किंचित उत्तरेकडे कललेले, जळगाव वायव्येला. म्हणजे संच नुसता गरकन फिरवून एकाची खरखर दाबून दुसऱ्याला वाट देता येई. घरातली म्हातारी माणसे रेडिओ कोनाड्यात विशिष्ट कोनात ठेवत आणि पोरांनी हात लावला की खवळत, त्यामागे हा पक्का हिशेब होता.

आता कागदावरची बरोबरी जमिनीवर मोडते ती पाहू. दिवसा मीडियम वेव्ह जमिनीला चिकटून चालते, आणि जमीन तिच्याकडून जकात घेते. जमीन विजेची जितकी चांगली वाहक, तितकी जकात कमी. कोरडा कातळ वाईट, ओलसर काळी माती बरी, आणि खारी जमीन उत्तम. इथे घाटाखालच्या माणसाने कान टवकारावेत. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला ओलांडून शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या शिवारात येतो. त्या खाऱ्या पाण्याने पिढ्यान्‌पिढ्या लोकांचे हाल केले. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, पिकाला सोसत नाही. पण मीडियम वेव्हच्या दृष्टीने हाच पट्टा सगळ्यात गुळगुळीत रस्ता. ज्या मिठाने तहान भागू दिली नाही, त्यानेच नागपूरच्या बातम्या बऱ्या पोचवल्या, असे म्हणायला पदार्थविज्ञानाची हरकत नाही. तरीही 310 किलोमीटरांची जकात ती 310 किलोमीटरांचीच. दिवसा जळगावचे पारडे जड.

रात्री खेळ बदलतो. दिवसा उन्हामुळे साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर आयनांचा एक थर तयार होतो आणि वर जाणारी मीडियम वेव्ह गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहर आणखी वरच्या थरांवर आपटून खाली परतते, आणि लांबची केंद्रे घरात शिरतात. रात्री उशिरा नागपूरचा आवाज एकदम खणखणीत होऊन मग खोल विहिरीत बुडाल्यासारखा का व्हायचा, त्याचे उत्तर हेच : जमिनीवरून आलेली आणि आकाशातून परतलेली लहर कधी एकमेकींना साथ देतात, कधी खोडतात.

मग एफएम आले आणि शाळेत शिकलेली एक समजूत उलटी पडली. 102.4 मेगाहर्ट्झच्या अकोल्याच्या प्रक्षेपणातला फोटॉन नागपूरच्या 585 किलोहर्ट्झवाल्याच्या 175 पट ऊर्जेचा. सहज वाटेल, हा पठ्ठ्या डोंगर फोडून येईल. प्रत्यक्षात घाटाच्या आडोशाला बसलेल्या गावात खरखर एफएमचीच. एफएमची तरंगलांबी जेमतेम तीन मीटर, नागपूरची पाचशेहून जास्त. पाचशे मीटरांची लहर घाटाला वळसा घालून उतरते. तीन मीटरांची लहर सरळ जाते आणि कड्यामागे दाट सावली टाकते. फोटॉन दमदार म्हणून लहरीची पोच मोठी, असे होत नाही.

हीच गल्लत आज मोबाईल टॉवरच्या भांडणात सर्रास दिसते. एकीकडून ‘रेडिएशन’ म्हणून आरडाओरड, दुसरीकडून ‘काही होत नाही’ म्हणून उडवाउडवी. दोन्ही आळशी उत्तरे. 1800 मेगाहर्ट्झचा फोटॉन इलेक्ट्रॉन व्होल्टच्या साडेसात दशलक्षांशाएवढा. रेणूतला इलेक्ट्रॉन उखडायला साधारण दहा इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. कितीही फोटॉन पाठवले तरी ते एकेकटे येतात आणि एकेकटे कमीच पडतात. रुग्णालयातल्या एक्स-रेची गोष्ट वेगळी : तिथे एक फोटॉन हजारो इलेक्ट्रॉन व्होल्टचा, म्हणून थोडक्या शक्तीतही शिशाचा पडदा लागतो. हाइनरिख हर्ट्झला 1887 साली एकाच प्रयोगमालेत दोन्ही टोके दिसली होती. रेडिओ लहरी त्यानेच सिद्ध केल्या, आणि अतिनील प्रकाश पडला की ठिणगी सोपी उडते हेही त्यानेच टिपले. दुसऱ्या निरीक्षणाचा अर्थ लावायला आइन्स्टाइनचा फोटॉन यावा लागला.

टॉवरच्या बाबतीत विचारण्यासारखा प्रश्न उरतो तो वॉटचा, कारण पुरेशी शक्ती अंगात जिरली तर ऊब येतेच. मायक्रोवेव्ह ओव्हन त्यावरच चालतो. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. 1800 मेगाहर्ट्झला ती चौरस मीटरला साधारण 0.9 वॉट ठरली. मे महिन्यातले बुलढाण्याचे ऊन तेवढ्याच जागेवर हजार वॉटच्या घरात असते. मोजणी मागायची तर कुठे मागायची, हेही ठाऊक हवे. टॉवरचे अँटेना आपला झोत आडवा, किंचित खाली कलता सोडतात. त्यामुळे अगदी पायथ्याशी मीटर धरला तर आकडा बहुधा लहानच येतो. जिथे तो मोठा यायचा संभव, ती जागा म्हणजे अँटेनाच्या उंचीला, त्याच्या थेट समोर येणारी शेजारची गच्ची.